नाव खाली घे

"हे वर नको. खाली घे."

सरांनी पेनाच्या टोपणानं माझ्या कॉम्प्युटरच्या काचेवर टकटक केलं. टोपण माझ्या नावावर होतं. बराबर आडनावावर.

दुकानात मी, सर आणि प्रल्हाद. मधल्या पडद्यापलीकडं बायकोची पिको-फॉलची मशीन चालू होती, ती थांबली. आमच्या नव्या अंकाचं पहिलं पान समोर उघडं होतं. 'संपादक' या शब्दाखाली दोन नावं होती. प्रल्हादचं आणि माझं.

"का सर?"

सर हसले. वाईट हसले असते तर बरं झालं असतं. बापानं पोराला समजवावं तसं हसले. "अरे, अंक सगळ्यांचा वाटला पाहिजे. वर आडनाव बघितलं की लोक म्हणतात, हा एका समाजाचा अंक. हातात घेतात आणि खाली ठेवतात. मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण लोक."

पण लोक.

प्रल्हाद स्वतःच्या चपलेकडं बघत होता. चपलेत बघण्यासारखं काही नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही कसल्या बहाद्दराची गोष्ट वाचताय ते कळंल. मी म्हणालो, "बराबर हाय सर." माऊस धरला. माझं नाव निवडलं, ते निळं झालं. कट केलं. पानाच्या तळाला गेलो, 'अक्षरजुळणी' असं लिहिलं आणि त्याच्यापुढं स्वतःला चिकटवून टाकलं. वरून विचारलं, "सर, अक्षर जरा बारीक करू का?"

"कर. पानाला शोभेल."

केलं.

सर गेल्यावर बायको पडदा सारून आली. "अवं, आपलं नाव आपल्याच हातानं कापलं का?"

"तसं करावं लागतं. तुला न्हाई कळायचं."

"मंग माझंबी टाका तिथं खाली. बारीक अक्षरात. पिको-फॉल."

मी हसलो. ती हसली नाही.

आष्टीला बसस्टँडच्या अंगाला माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सातबाराच्या प्रिंटा. अर्ध्यात मी, अर्ध्यात बायको. प्रल्हाद शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरची जमीन भरपूर, घर गावाच्या मधोमध, आणि आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आम्ही बौद्ध, वस्ती गावाच्या कडेला. दोघांना वाचायचा नाद मात्र एकच. एका बाजाराच्या दिवशी चहा पिता पिता मी म्हणालो, "लेका, पुण्यामुंबईवाले आपलं छापतील म्हणून किती दिवस वाट बघून राह्यचं? आपल्या जिल्ह्याचा एखादा अंक काढू की." प्रल्हाद म्हणाला, "काढू." नाव मी सुचवलं, दुधनाकाठ. दुधनेला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं, तेव्हा काठ तेवढा खात्रीचा. पहिल्या अंकासोबत लेखनस्पर्धा घ्यायची ही टूमही माझीच. कथा किंवा अनुभव, जिल्ह्यातल्या कुणीही लिहावा.

पाठीशी मोठं माणूस पाहिजे म्हणून सरांना आणलं. आमच्या हायस्कुलाचे ते निवृत्त मुख्याध्यापक. दोघांना मराठी त्यांनीच शिकवलेली. त्यांच्या शब्दावर जाहिराती येतात, हॉल मिळतो. परतूरहून त्यांना मोटारसायकलवर घेऊन यायला मीच गेल्तो. पाऊस पडून गेलेला, त्यांच्या धोतराला चिखल लागू नये म्हणून मी गाडी इतकी हळू चालवली की एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन आमच्या पुढं निघून गेली. माझ्या अपमानाला मी स्वतः, जपून, मागच्या सीटवर बसवून आणलं.

स्पर्धेला मात्र लोकांनी धमाल केली. कुणी वहीची पानं टाचून पाठवली, कुणी रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहिलं. पिंपळगाव रेणुकाईच्या एका आजोबांनी सगळी कथा व्हॉट्सॲपवर बोलून पाठवली. मधी म्हैस ओरडती. मी नादात म्हैससुद्धा टाईप केली, मग काढली. सगळं लेखन मी टाईप करायचो, त्याच्यावर नावाऐवजी क्रमांक घालायचा प्रल्हाद. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले, त्यांना नुसते क्रमांक दिसणार. नियम मीच लिहिले होते. त्यातला एक असा: संपादक मंडळातील सदस्यांना भाग घेता येणार नाही.

एक दिवस तो नियम वाचताना मला खुदकन हसू आलं. मी संपादक मंडळात होतो कुठं? मला तर तळाला नेऊन ठेवलेलं. अक्षरजुळणीवाल्याला मनाई नव्हती.

लिहून टाकलं. पत्रिकेतल्या मामाची गोष्ट. झालं असं होतं की एका लग्नपत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव माझ्याकडून राहिलं. पत्रिका वाटून झाल्या तेव्हा कळलं. मामा मांडवात आला, पण जेवला नाही. अक्षता पडेपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तोंड फिरवून बसला. नवरीचा बाप माझी गचांडी धरून मला ट्रॉलीपाशी घेऊन गेला आणि मी हात जोडून मामाच्या पाया पडलो, तेव्हा कुठं त्यानं बुंदी खाल्ली. मी ते सगळं हसत हसत लिहिलं. लिहिता लिहिता एका जागी हात थांबला. एका नावासाठी हा माणूस अख्खं लग्न रुसून बसू शकतो. आणि मी?

ते वाक्य मी ठेवलं. प्रल्हादकडं दिलं. त्यानं क्रमांक घातला आणि म्हणाला, "बरं केलंस यार."

निकाल लागला त्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. ओसरीत बसवलं. चहा दिला, चांगल्या कपात दिला. म्हणाले, "पहिला क्रमांक पत्रिकेतल्या मामाला आला. परीक्षक म्हणाले, फार जिवंत लिहिलंय." माझे कान गरम झाले. घरी जाऊन बायकोला कोणत्या शब्दांत सांगायचं तेही मी मनात जुळवून टाकलं.

"पण तुला देता येणार नाही," सर म्हणाले. "तू आपल्यातलाच ना. संपादक मंडळातला. नियम तूच टाईप केलास."

आपल्यातला. जन्मात पहिल्यांदा त्या ओसरीत मला कुणी आपल्यातला म्हणालं. हातातलं काढून घ्यायचं होतं म्हणून म्हणालं.

"मंग सर, माझं नाव वर घेऊ?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? मी संपादक हाय का न्हाई?"

"वाद घालू नकोस. घनसावंगीच्या एका शिक्षिकेची कथा दुसरी आली आहे, तिला पहिलं देऊ. तुला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थला नियम आडवा येत नाही."

मी प्रल्हादकडं बघितलं. सगळं त्याला माहीत होतं. माझं नाव तळाला गेलं तेव्हा तो दुकानातच होता, क्रमांक त्याच्या हातानं पडला होता. तो एवढंच म्हणाला, "उत्तेजनार्थ बी काय कमी न्हाई."

आणि मी काय केलं? चहा संपवला. कप उचलून मोरीत ठेवून आलो. कुणी ठेव म्हटलं नव्हतं.

प्रकाशनाला जायचं नव्हतं. गेलो. नवा शर्ट घालून गेलो. खोटं कशाला बोलू, माईकवरून माझं नाव ऐकायचं होतं. उत्तेजनार्थ तर उत्तेजनार्थ. वस्तीतली चारदोन माणसं आलेली, बायको आलेली, मागच्या रांगेत बसलेली. पाहुण्यांच्या हातात द्यायचे अंक चमकीच्या कागदात मीच बांधले होते. रागारागात इतकी चिकटपट्टी लावलेली की प्रमुख पाहुण्यांना कागद सोडवेना. शेवटी त्यांनी गाडीच्या किल्लीनं फाडला. फोटोवाला म्हणाला, "अंक वर धरा." सगळ्यांनी वर धरला. आत कुणी बघितलं नाही.

मग सर बोलले. जात मोडण्याविषयी बोलले. चांगलं बोलले. मी पण टाळ्या वाजवल्या, सवयीनं.

घनसावंगीच्या बाई पहिलं बक्षीस घेऊन गेल्या. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांची कथा टाईप करताना मी मधीच थांबून पाणी पिऊन आलो होतो, इतकी ती लागली होती. मग निवेदक म्हणाला, "उत्तेजनार्थ बक्षीस, आपले हरहुन्नरी अक्षरजुळणीकार..." आणि माझं नाव घेतलं.

चढलो. सरांनी प्रमाणपत्र पुढं केलं. फोटोवाला म्हणाला, "इकडं बघा." मी फोटोवाल्याकडं बघितलं नाही. माईकपाशी गेलो.

"सर, मी संपादक असंल तर मला हे बक्षीस घेता येत न्हाई. नसंल तर पहिलं बक्षीस माझं हाय. मी कोण हाय तेवढं सांगा."

हॉल हसला.

ही माझ्या आयुष्यभराची कमाई. मी गावातला हसवणारा माणूस. लग्नात, मयतीत, चहाच्या गाड्यावर, कुठंही मी तोंड उघडलं की लोक हसायच्या तयारीत असतात. आमच्या वस्तीतलेही हसले. लहानपणापासून जे जे अंगावर आलं त्याचा मी किस्सा करत गेलो, तो सांगून लोकांना हसवत गेलो, आणि आता माझ्यापाशी दुसरा आवाजच उरला नव्हता. मी पुन्हा तेच बोललो. पुन्हा हसले. कुणी ओरडलं, "वाहवा!"

मागच्या रांगेत बायको उभी राहिली. ती एकटीच हसत नव्हती.

"हसू नका," मी म्हणालो. आवाज फाटला. "माझं आडनाव बघून लोक अंक खाली ठेवतील म्हून माझं नाव खाली घेतलं. बक्षीस द्यायची वेळ आली तर मला वर घेतलं. ह्या अंकाचं नाव माझं हाय. ही स्पर्धा माझी हाय. माझ्या दुकानात जुळवलाय हा अंक. हे मी गंमत म्हून सांगून न्हाई राह्यलो."

आता कुणी हसलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला तेवढा.

सर माझ्या कानाशी आले. माईकमध्ये जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तुला माणसांत आणलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

मी माईक बाजूला केला नाही. "सर, मी माणसातच होतो."

प्रमाणपत्र त्यांच्या हातात राहिलं. मी उतरलो. बायकोनं दंड धरून मला हॉलबाहेर आणलं.

तुम्हाला वाटंल, आता माणूस मोठा झाला. झालं उलटंच. सरांच्या शिक्षणसंस्थेचं काम होतं, गुणपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, ते बंद झालं. लग्नसराई आली तशी गावातली लोकं पत्रिकेला परतूरला जाऊ लागली. कुणी भांडलं नाही. शिवी दिली नाही. नुसतं आलं नाही. दुपारभर दुकानात एकच मशीन वाजायची, बायकोची. दुधनाकाठचा दुसरा अंक निघाला. त्यात तळाची ओळसुद्धा नव्हती.

एका संध्याकाळी प्रल्हाद आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "यार, थोडा सबर करायचा होता. चारदोन अंकांनंतर तुझं नाव हळूच वर घेतलं असतं."

"हळूच?"

"म्हंजे लोकांच्या ध्यानात न येता."

"प्रल्हाद, ध्यानात यावं म्हूनच नाव लिहितेत."

तो उठला. दारातून म्हणाला, "माझ्यावर राग धरू नको." मी दुसरा अंक उघडला. त्याचं नाव वरच होतं. एकटंच.

मग मी माझा अंक काढला. ढेकूळ. बायको म्हणाली, "पायाला टोचंल असं नाव ठिवलं." स्पर्धा पुन्हा जाहीर केली. थोडं लेखन आलं. पिंपळगावच्या आजोबांनी पुन्हा बोलून पाठवलं. वर, मधोमध, 'संपादक' आणि माझं नाव. आमच्या वस्तीतलेच दोघं म्हणाले, "आडनाव काढ. नुसतं नाव टाक. आजकाल बरेच तसंच करतेत. अंक तरी खपंल." वाईट सांगत नव्हते. त्यांच्या पोरांनी शहरात खोल्या भाड्यानं घेताना तसंच केलेलं.

मी काढलं नाही. गठ्ठा घेऊन जीपनं घनसावंगीला गेलो, बसस्टँडवरच्या पुस्तकाच्या गाळ्यावर अंक ठेवला आणि समोर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो, चोरासारखा.

एकानं अंक उचलला. चांगला शिकलेला दिसत होता. मधलं पान उघडलं, वाचलं, हसला. खरंच हसला, मी बघितलं. पुढचं पान वाचलं. हात खिशाकडं गेला. मग त्यानं पहिलं पान काढलं, कुणाचा अंक आहे बघायला. बोट एका जागी थांबलं. अंक मिटला. खाली ठेवला. हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि तो माणूस बसकडं गेला.

सर खरं बोलले होते.

त्या दिवशी मला कळलं की मी मनातून आजवर सरांना खोटं मानून जगत होतो. लोक तसे नसतील, सरच तसे आहेत, एवढ्या आधारावर मी स्टेजवर बोललो होतो. तो आधार गेला. गाळेवाला म्हणाला, "दादा, गठ्ठा घेऊन जावा. इथं जागा अडून राह्यली." मी गठ्ठा घेतला. परतीच्या जीपमध्ये तो मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्यानं विचारलं, "काय हाय पाव्हणं?" माझ्या जिभेवर एक किस्सा तयार होता, तो हसला असता. मी तो गिळला. म्हणालो, "अंक हाय. मी संपादक हाय." आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. तो खिडकीतून बाहेर बघायला लागला.

बघू दे.

लोक माझं आडनाव वाचून अंक खाली ठेवतात. ठेवू देत. पण खाली ठेवायच्या आधी त्यांना ते वाचावं लागतं, आणि ते त्यांना वाचायला लावायचं काम मी सोडणार नाही. पुढचा अंक जुळवतोय. कागद कमी पडला तर पानं कमी करीन. दुकान गेलं तर घरी जुळवीन. हसवून सांगणार नाही. आडनाव काढणार नाही. नाव खाली घेणार नाही. अंक बंद पडलाच, तर नावासकट बंद पडेल.