उपास माझ्या नावावर

बायकोच्या स्वादुपिंडावर गाठ निघाली तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी मला एकच काम दिलं होतं. "यांना खाऊ घाला," ते म्हणाले. काविळीनं ती आधीच वाळून गेली होती. ऑपरेशन मोठं, अंगात ताकद आली, वजन थोडं वाढलं, तरच टेबलावर घेणार. अंडी, डाळ, दूध, पनीर, थोडं थोडं पण दिवसभर. धाराशिवला परत येताना मला वाटलं, एवढं तर आपल्याला जमेलच.

घरी तिची थोरली बहीण, आमच्या अक्का, येऊन बसली होती. ती येरमाळ्याची. तिनं तिथल्या येडाई देवीला नवस बोलून टाकला होता: धाकटी सुखरूप घरी येईपर्यंत मंगळवार आणि शुक्रवार निरंकार. म्हणजे पाण्याशिवाय तोंडात काही नाही. बरं, नवस बोलली थोरली, आणि उपास कुणी करायचा? आजारी बाईनं! आपल्याकडे नवरा आजारी पडला की बायकोनं उपास धरायचा, आणि बायको आजारी पडली तरी तिनंच. ही रीत कुणी पाडली ते मला एकदा भेटून सांगावं.

मला हे सगळं उशिरा कळलं. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो तर सकाळी मीच उकडून ठेवलेली अंडी ताटलीत तशीच. दुधावर साय धरलेली. "आज शुक्रवार ना," ती म्हणाली, जणू काही मीच विसरलो होतो. मी ताटली आपटली. त्याचा उपयोग काही झाला नाही, फरशीवरचं अंडं मलाच उचलावं लागलं.

पुढच्या खेपेला सोलापुरात तिला काट्यावर उभं केलं. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "असंच राहिलं तर मी हात लावणार नाही."

घरी आल्यावर मी अक्कांना समोर बसवलं. माझा आवाज शेजारपाजारी गेला असणार, जाऊ दे.

"नवस तुम्ही बोललात, मग उपास तुम्ही का नाही धरला?"

"दाजी, मला शुगर हाय. उपाशी ऱ्हायलं की चक्कर येती मला."

म्हणजे शुगरला सूट आणि गाठीला नाही! मला हसावं की रडावं कळेना. मी बायकोकडं वळलो, आता हिलाही सुनवायचं म्हणून. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मला भ्या वाटतंय हो," ती म्हणाली. "खाल्लं अन् तिथं टेबलावरच काही झालं तर?"

तिच्यावर रागवायचं राहूनच गेलं. मी उठलो, देव्हाऱ्यापुढं नारळ ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, "आई, आजपासून हिचा उपास माझ्या नावावर. चुकलं तर मला धर, हिच्या ताटाकडं बघू नको."

"आसं कुठं आसतंय का दाजी? नवस तिच्या नावानं बोललेय म्या."

"मग आई येऊन मला सांगू दे."

आई आली नाही. त्या मंगळवारी बायकोनं देव्हाऱ्याकडं पाठ करून वरणभात खाल्ला. हळूहळू ती पोटभर जेवायला लागली, आणि काटाही वर सरकला.

ऑपरेशन झालं. नळ्या निघाल्या. पातळ पेजेनंतर डॉक्टरांनी मऊ भात सांगितला तो नेमका मंगळवारी. दाराबाहेर अक्का फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "म्या नवस बोलले हुते, म्हनून वाचली." सकाळपासून माझ्या पोटात फक्त पाणी होतं. मी ताडकन उठलो.

बायकोनं माझी बाही धरली. दुसऱ्या हातात भाताचा चमचा.

"बसा खाली," ती म्हणाली. "भांडण नंतर करा. मी जेवतेय ते बघा आधी."