नळीवाल्या साहेबांची नक्कल

नक्कल करण्यात मी गावात अव्वल. तलाठ्याचं खाकरणं, मास्तरांचं धोतर सावरणं. फर्माईश करा, लगेच हजर. नव्वदनंतर गावात केबल आली, तरी हसायला लोक माझ्याकडंच यायचे. याचा मला कोण अभिमान! त्याच अभिमानानं मी गावाचं पाणी घालवलं.

माझ्या चुलतीचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. दर पावसाळ्यात वरून लोंढा यायचा, माती घेऊन जायचा आणि संक्रांतीलाच विहीर तळ दाखवायची. डोंगरावर चर खोदून पाणी मुरवायची सरकारी योजना आहे, असं काकूनं कुठंतरी ऐकलं. केजच्या कृषी कार्यालयात तिनं तीन खेपा घातल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा बैठकीला. तिसऱ्यांदा ती पायरीवरच भाकरीचं फडकं सोडून बसली, तेव्हा सापडले. अट एकच होती. डोंगरावरची चराई बंद करू, असं गावानं सभेत हात वर करून सांगायचं.

साहेब आले. बरोबर उतार मोजायचं साधन: दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी पाण्यानं भरलेली नळी. देवळापुढं तासभर समजावून सांगितलं. दर वाक्याआधी "म्हणजे काय होतं की." मग साधन तिथंच ठेवून सरपंचांकडं चहाला गेले.

"होऊन जाऊ दे रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

मला तेवढं पुरे. दोन्ही काठ्या धरल्या, मान वाकडी केली. "म्हणजे काय होतं की, शेळ्यांनी आता डोंगरावर जायचं न्हाई. भूक लागली तर तीन प्रतींत अर्ज करायचा!"

लोक लोळायचे बाकी राहिले. "बोकडाची सही लागंल का वो साहेब?" एका शेळ्यावाल्यानं विचारलं.

"अंगठा चालंल!"

हशा ओसरला तेव्हा दिसलं, साहेब गर्दीमागं उभे होते. त्यांनी शांतपणे हात वर करायला सांगितलं. एकच हात वर झाला, काकूचा. माझे दोन्ही हात काठ्यांत अडकलेले.

"छान करता," साहेब म्हणाले आणि नळी गुंडाळून निघून गेले. योजना शेजारच्या गावाला मिळाली.

काकू तिथंच चर खोदायला मजुरीनं गेली. काम शिकून आली आणि आपल्या शेतात खोदू लागली. मीही मदतीला गेलो. पहिल्याच मोठ्या पावसात डोंगरावरून गाळ आला आणि महिन्याचं काम एका दुपारी बुजलं.

"काकू, मला शिव्या तरी दे."

"शिव्यांनी गाळ निघतो व्हय रे? डोंगर समद्या गावाचा हाय, मी एकटी कुठं पुरणार? खोरं घे."

तीनदा उपसलं. चौथ्यांदा तिनं खोरं उचललं नाही.

दिवाळीनंतर, पन्नाशीला टेकलेली माझी काकू पहिल्यांदा ऊसतोडीला निघाली. ट्रकमध्ये तिचं बिऱ्हाड मी चढवलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. गाडी हलली तशी ती वाकून म्हणाली, "हिरीवर बाभळीच्या काट्या टाक रे. यंदा दिवाळीतच कोरडी पडलीय, कुणाचं शेरडू पडंल."