दाखल्याखालचा रेघांचा कागद

माझी पहिली नोकरी नागपूरला, धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात. तिथे मी शाळा सोडल्याचे दाखले छापणारं सॉफ्टवेअर तयार केलं आणि सगळ्यात आधी पारशिवनीजवळच्या माझ्याच शाळेत नेलं. शाळेतले बाबू महिनाअखेर निवृत्त होणार होते. "आपलाच पोरगा हाय, याचंच घ्या," असा शब्द त्यांनी मुख्याध्यापकांकडे टाकला होता. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. माझा दाखलाही बाबूंनीच लिहिला होता, हाताने, टपोऱ्या अक्षरात.

ऑफिसातल्या विंडोजवर दाखला एका पानात नीट बसायचा. शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं लिनक्स. तिथे मी वापरलेला फॉन्टच नव्हता. कॉम्प्युटरने आपल्याजवळचा दुसरा घेतला, ओळी उंच झाल्या आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर गेली.

"बाबू, आता कोऱ्या कागदावर सही करू काय मी?" मुख्याध्यापक म्हणाले आणि वर्गावर निघून गेले.

मला बाबूंकडे बघवेना.

"तुह्या हापिसात बराबर येते, मंग अथी काहून नाही येत गा?"

"बाबूजी, इथं अक्षर बदललं. अक्षर उंच झालं की खालच्या ओळी सरकतात."

"म्हंजे ओळी अक्षराच्या मागं पळून राहिल्या!" ते हसले. मग कपाटातून जाड काळ्या रेघांचा एक कागद काढला. छापील फॉर्म संपले की ते हा खाली ठेवून कोऱ्या कागदावर दाखला लिहीत. रेघा वरून दिसत. "मी सुट्टीवर असलो त ड्रिलचे सर लिवत. त्याईचं अक्षर हे एवढं! पण सही जागेवरच ये."

मी पट्टी मागितली. कागदाच्या वरच्या कडेपासून एकेक रेघ मिलिमीटरमध्ये मोजून वहीत उतरवली. ऑफिसात येऊन प्रत्येक ओळीला तिची जागा ठरवून दिली. फॉन्टही सॉफ्टवेअरसोबतच दिला, म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटरवर तो शोधायला नको.

दोन दिवसांनी पुन्हा बसने शाळेत गेलो. छापलेला दाखला बाबूंनी आपल्या रेघांच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. एकेक ओळ रेघेशी ताडून बघितली.

"जन्मतारखेची ओळ जराशी वर चढली."

"दुरुस्त करतो, बाबूजी."

"राहू दे. माही बी तथीच चढे," म्हणाले, आणि दाखला घेऊन स्वतःच मुख्याध्यापकांच्या सहीसाठी गेले.