मातीतली तीन घरं

आम्ही जुने लोक भेटलो की पहिला चहा संपायच्या आत किस्से सुरू होतात. विरार पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही तीन कुटुंबांनी मातीची घरं बांधून, गावासारखं एकत्र राहायचं ठरवलं होतं. भिंती किती उभ्या राहिल्या ते विचारू नका. किस्से मात्र छपरापर्यंत पोचले!

आम्ही सगळे फ्लॅटवाले. मी चंदनसारची, मिलिंद आचोळ्याचा, आणि दिनकरकाका-वासंतीकाकू वसईचे.

*

पहिल्याच रविवारी आम्ही माती, भाताचा पेंढा आणि पाणी पायांनी तुडवत होतो. शेजारची जानूबाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिचं जुनं कुडाचं घर पाडून स्लॅबचं काम चाललं होतं.

"कोनी करायला लावलं तुमाला हे?"

"आम्हाला मातीचंच घर हवंय," मिलिंद म्हणाला.

"मंग आदी सांगायचं ना! आमचंच दिलं असतं उचलून!"

*

मिलिंदने आईला हौसेने साइट दाखवायला आणलं. माऊलीचं उभं तारुण्य कोकणात जमिनी सारवण्यात गेलेलं. ओल्या भिंतीवरून ती कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. मिलिंदला वाटलं, आई हळवी झाली.

"आवडलं?"

"या वासापासून लांब पळायला मी मुंबई गाठली होती रे," ती म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली.

*

स्वयंपाकघर एकच ठेवायचं, हा आमचा नियम. साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात सुकटीच्या वासावरून भांडण झालं. कोण किती भांडी घासतं, यावरून दुसरं. शेवटी एका स्वयंपाकघरात तीन शेगड्या आल्या!

वासंतीकाकू म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं गाव. आता कोर्टकेस तेवढी राहिली!"

*

दिनकरकाका वालीवच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. छाती कामातून गेलेली. डॉक्टरांनी धुळीत जायला सक्त मनाई केली.

काका त्यांना म्हणाले, "साहेब, आयुष्यभर दुसऱ्याची धूळ खाल्ली. ही तरी माझ्या घराची आहे!"

खिडक्यांच्या उंचीपर्यंत भिंती आल्या होत्या, तेव्हा काका गेले. डॉक्टरांचा हा किस्सा आम्ही अजून सांगतो. आता कुणी हसत नाही.

*

काकांमागे काकूंनी घर पुरं केलं. समोरच्या भिंतीचा गिलावा स्वतःच्या हाताने केला. आम्हाला बोट लावू दिलं नाही. आम्ही म्हटलं, दुःख आहे, करू दे.

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या प्लॉटवर भराव पडला आणि डोंगराचं सगळं पाणी आमच्याकडे वळलं. भिंतीच्या पायथ्याशी ते तुंबून राहिलं. काकूंची समोरची भिंत खालून विरघळत गेली आणि एका सकाळी बसली. नुसता ढीग.

मिलिंदने जेसीबी बोलावला. ढीग उचलून लांब नेऊन टाकायचा, म्हणजे काकूंना रोज बघायला नको. मशीनचा पंजा खाली आला, तेवढ्यात काकू धावत येऊन ढिगासमोर उभ्या राहिल्या.

"काकू, बाजूला व्हा! नुसता चिखल आहे तो!" मिलिंद ओरडला.

"समुद्रात मी निम्मीच राख सोडली होती," काकू म्हणाल्या.

त्यांनी वाकून ढिगावर हात ठेवला.

"यात हे आहेत."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, चपला काढल्या आणि खाली उतरला.