उजेड अडवू नका

मी त्यांना भर बाजारात जे बोललो, ते बोलायला नको होतं.

रेवदंड्याच्या मासळी बाजारात त्या रोज नेमक्या माझ्या पुढे असत. कृष्णधवल सिनेमांच्या काळात त्या आधी नायिका होत्या, मग वहिनी झाल्या, मग सासू, आणि पुढे कुणी बोलावलंच नाही. सवय मात्र सुटली नव्हती. पापलेट हातात घेऊन आधी मान वळवायच्या, मग मला सांगायच्या, "बाजूला व्हा. उजेड अडवू नका." त्यानंतर भाव करताना हसायच्या, रुसायच्या, पदर सावरायच्या. मागे आम्ही ताटकळत उभे.

एका सकाळी मला राहवलं नाही. "बाई, कॅमेरा कधीच बंद झालाय," मी म्हणालो. लोक हसले. त्यांनी पापलेट अलगद पाटीत ठेवलं आणि निघून गेल्या.

त्या पुन्हा आल्याच नाहीत. कोळीणबाई माझ्याशी धड बोलेना. "तिला घराबाहेर काढणारा एवढा एकच बाजार व्हता, दादा. त्यो बी तुमी बंद केलाव."

शेवटी पापलेट घेऊन मी त्यांच्या पडवीत गेलो. "माझं चुकलं," मान खाली घालून म्हणालो.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "पुन्हा म्हणा. चेहरा अंधारात होता."

खरं सांगतो, तेव्हाही मी वैतागलो. तरी दोन पावलं सरकून उन्हात उभा राहिलो, मान वर केली आणि म्हणालो, "बाई, माझं चुकलं."