पर्पेतुआनं न पाहिलेली टोपी

आमच्या बेटावर, वाकुनाई गावाच्या मागच्या डोंगरात पर्पेतुआइतकी रीत पाळणारी बाई दुसरी नव्हती. त्याचं तिला काय फळ मिळालं ते सांगताना अजून माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

तिचा एकुलता एक सेवेरिन तेराव्या वर्षी रानातल्या पुरुषांच्या घरी गेला. तिथं पोरांच्या डोक्यावर उपे चढवतात. उपे म्हणजे पानांची विणलेली उंच टोपी. केस वाढून ती गच्च भरेपर्यंत पोरानं बाईच्या नजरेला पडायचं नाही, आईच्यासुद्धा नाही. पर्पेतुआ भाजलेली रताळी नि अळकुड्या पानात बांधून वाटेतल्या दगडावर ठेवायची, खोकायची, आणि मागं न बघता परत फिरायची. अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी स्वातंत्र्याची लढाई डोंगरात शिरली आणि सेवेरिनला गोळी लागली. पुरुषांनी टोपी काढून घेतली, पोराला पुरलं, आणि मग आईला सांगितलं.

टोपी ठेवली तिच्या धाकट्या भावानं, आल्फोन्सनं. आमच्याकडं बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. ती त्याच्याकडं गेली आणि टोपी मागितली. कबरीत ठेवते म्हणाली, आणि ठेवण्याआधी एकदा बघते.

"ताई, त्याचे केस आहेत गं त्यात. माझ्याकडं ती एकच आहे, जिवापाड जपतो," आल्फोन्स म्हणाला. "पण बाईची नजर पडली तर पोराला शांती मिळायची नाही. इतकं पाळलंस, आता कशाला घालवतेस?"

तिनं ऐकलं. पुढं दर वर्षी एकदा मागायची आणि तेच उत्तर घेऊन घरी यायची.

लढाई संपली, वाटाघाटी झाल्या, स्वायत्तता आली. आपलं सरकार आलं म्हणजे आपला झेंडा हवा. लढणाऱ्यांचा जुना झेंडा होताच, निळ्यावर उपेचं चित्र. तोच अधिकृत करायचा का, हे लोकांना विचारायला सरकारी कचेरी असलेल्या बुकाहून रेमिजिअस नावाचा अधिकारी वही घेऊन गावोगाव फिरला. बेटाच्या दक्षिणेकडचे काहीजण कुरकुरले, की ही टोपी आमच्यात कोणी घालत नाही. आमच्या गावात मात्र पुरुषांचे हात पटापट वर गेले. मग नावाला बायकांना विचारलं. जन्मात सभेत न बोललेली पर्पेतुआ उभी राहिली.

"जे बाईनं बघायचं नाही ते तुम्ही शाळेपुढं काठीवर चढवणार. मग आमच्या पोरींनी शाळेत डोळे मिटून जायचं का? एकतर रीत मोडा, नाहीतर झेंडा बदला. दोन्ही कसं चालेल?"

आल्फोन्स हसून म्हणाला, चित्रातली टोपी ती काय टोपी? पुरुष हसले. रेमिजिअसनं वहीत लिहिलं आणि शेवटी वाचून दाखवलं, की महिलांचाही पाठिंबा आहे. बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. पर्पेतुआनं त्याच दिवशी भावाला गाठून पुन्हा टोपी मागितली. चित्र वेगळं आणि ती वेगळी, एवढं बोलून तो निघून गेला.

झेंडा चढवायच्या दिवशी सगळा डोंगर शाळेच्या आवारात लोटला. पर्पेतुआही आली, पण काठीकडं पाठ करून उभी राहिली.

"ताई, तोंड वळव. लोक बघताहेत," आल्फोन्स पुटपुटला.

"बाईनं बघायचं नसतं."

गाणं झालं, टाळ्या झाल्या. मग रेमिजिअसनं भाषणात आल्फोन्सचे आभार मानले. म्हणाला, चित्र अचूक यावं म्हणून या मोठ्या माणसानं स्वतःजवळ जपलेली खरी उपे कचेरीला दिली. कचेरीतल्या मुलींनी ती महिनाभर टेबलावर ठेवून रेघ न् रेघ उतरवली.

आल्फोन्सनं मान खाली घातली. परक्या पोरींनी महिनाभर डोळे भरून पाहिलं, आणि आई तेवढी रीत पाळत बसली. पर्पेतुआ सावकाश वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ती टोपी बघायला मान वर केली.

वारा पडला होता. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, नुसतं निळं कापड दिसत होतं.

लोक जेवायला गेले. ती हलली नाही. काठीजवळच्या पोलिसाला म्हणाली, "बाबा, जरा खाली घे, नाहीतर एक टोक धरून पसरव तरी."

"चढवल्यावर हात लावता येत नाही, मावशी. नियम आहे."

"माझा पोरगा आहे रे तो."

पोलिसाला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. त्यानं आल्फोन्सला हाक मारली आणि हिला घरी घेऊन जा म्हणाला.