दामल्यांची बारा मिनिटं

दामले गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, पार्सिपनीतल्या माझ्या किराणा दुकानात आंब्याच्या पेट्यांवरून घाऊक व्यापाऱ्याशी हुज्जत घालत होतो. फोन ठेवला आणि हुज्जत पुढे चालू केली. भाव उतरवूनच थांबलो. सहा आठवडे झाले, अजून त्याची लाज वाटते... आणि ती काही एकटीच नाही.

माधव दामले औषधांच्या कंपनीत केमिस्ट, पण वेड फ्रेंच गाण्यांचं. पुण्यात असताना ती भाषा शिकले, त्यातून ते लागलं. दर शनिवारी दुकानात मेथीच्या जुड्या चाळत मला ऐकवायचे. गावोगाव हिंडणारे मध्ययुगातले कवी, मग चार-चार आवाजांत विणलेली गाणी, मग पॅरिसच्या तळघरांतले गायक, आणि आता रॅप करणारी तिथली पोरं. "आठशे वर्षं झाली शेठ, पण तिथे गाण्यात शब्दाचा मान पहिला."

"दामले, आधी मेथी घ्या. मागे लाइन लागलीय," मी म्हणायचो. तरी ते आले नाहीत तर शनिवार सुना जायचा.

मग एकदा पॉटलक झालं, ज्याने त्याने आपला पदार्थ आणायचा तसलं जेवण. वीस-पंचवीस माणसं, बहुतेक सगळी आयटीवाली. भर जेवणात दामले म्हणाले, "शेठ, ती तुमची सीताबर्डीची आरोळी म्हणा ना. संत्र्यांची." पोरं हसली. हातगाडीपासून दुकानापर्यंत मी स्वतःच्या हिमतीवर आलो, आणि या माणसाने मला इंजिनियरांसमोर पुन्हा गाडीवर उभं केलं. मी ताट ठेवून निघालो. कारण त्यांना कधी सांगितलं नाही. राग मात्र सांभाळून ठेवला.

२००६ च्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. दामल्यांनी फ्रेंच गाण्यांच्या प्रवासासाठी पंचेचाळीस मिनिटं मागितली. मी वीस म्हणालो. ते हसले. "पंचवीस करा, त्यातली पाच तुमची." घासाघीस समजून मी पंचवीस दिली.

स्टेजवर ते नुसत्या तंबोऱ्यावर गात होते. एक कडवं फ्रेंच, मग मराठीत अर्थ. लोक ऐकत होते, हे मला आणखीच खुपत होतं. बारा मिनिटं झाली. दामले म्हणाले, "आता चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं पॅरिस. पुढच्या गाण्यासाठी मला एक माणूस वर लागणार आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

मी दुसरा माइक उचलला. "मंडळी, जेवण तयार आहे. गरम आहे तोवर घ्या." आमच्या मंडळात ही घोषणा झाली की गणपतीही कुणाला खुर्चीवर धरून ठेवू शकत नाही. पाच मिनिटांत हॉल रिकामा झाला. दामल्यांनी तंबोरा गवसणीत घातला. नंतर शनिवारी ते दुसऱ्या दुकानात जाऊ लागले, आणि मी म्हटलं, जाऊ दे. पुढचे गणपती यायच्या आतच ते गेले.

मागच्या आठवड्यात दामलेवहिनींना भेटायला गेलो. खाली बेसमेंटमध्ये दामल्यांच्या टेबलावर गाण्यांची फाइल होती. वहिनींनी त्यातला एक कागद पुढे केला. पॅरिसच्या रस्त्यावरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या गुंफून तिथल्या संगीतकारांनी गाणी रचली, असं त्यावर लिहिलं होतं. त्याखाली, त्यांच्या बारीक अक्षरात: 'इथे शेठना वर बोलवायचं. संत्र्यांची आरोळी त्यांच्याच आवाजात. आपल्याकडे हे गाणं येणारा एवढा एकच माणूस.'

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी जेवणाची घाई नव्हती."

"माहीत आहे भाऊजी. ट्रे मीच लावत होते. खालचे बर्नरही पेटवले नव्हते."

"त्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं. म्हणाले, शेठ चिडलेत कशाने तरी, पुढच्या वर्षी पुन्हा विचारू."

वहिनींनी कागद नीट फाइलमध्ये ठेवला, फाइल टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात सरळ केली. ते तशीच ठेवायचे म्हणे. तो कागद मला हवा होता. मागायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला काही मागता आलं नाही.